चौदा नंबरचं ताट

वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात मावशी बावीस वर्षं ताटं घासत होती. खरं तर ती कोणाचीच मावशी नव्हती. वय चौपन्न, आणि तिला मावशी म्हणणाऱ्यांत पंचाऐंशीचे आजोबाही होते. पण भांड्यांपाशी उभ्या असलेल्या बाईला आणखी काय म्हणावं हे कोणाला सुचलं नाही आणि तिनेही कधी हरकत घेतली नाही. कोणी हाक मारतंय एवढं पुरे, असं तिचं म्हणणं.

स्वयंपाकघर इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. त्याच्या आणि जेवणघराच्या मधल्या भिंतीत एक बुटकी खिडकी होती. जेवणं झाली की उष्टी ताटं त्या खिडकीतून आत सरकत. खिडकी इतकी बुटकी, की ताट ठेवणाऱ्याचे मनगटापर्यंतचे हातच काय ते दिसत. अलीकडे तीन टाक्या होत्या. पहिलीत साबणाचं गरम पाणी, दुसरीत साधं, तिसरीत हात घालवेल न घालवेल असं कढत. बासष्ट ताटं, तेवढ्याच वाट्या, चमचे, पेले, दिवसातून दोनदा, आणि सकाळचे कप वेगळे. त्याशिवाय आचाऱ्याची पातेली आणि कढया, ज्या तो मुद्दाम करपवतो असा मावशीचा जुना आरोप होता. आचाऱ्याने तो कधी मान्य केला नाही, आणि करपवणंही सोडलं नाही.

मावशीचा हात इतका बसला होता, की एक ताट पहिल्या टाकीत जाऊन तिसरीतून बाहेर यायला तिला बारा सेकंद लागत, आणि तेवढ्यात आचाऱ्याशी भांडून व्हायचं. हातांची मात्र पार दैना होती. थंडीत बोटांना चिरा पडत आणि साबण लागला की त्या झोंबत. पण दुखतंय म्हणून ताटं कोणी कमी करत नाही, तेव्हा ती तेल चोळायची आणि गप्प बसायची.

या कामात मावशीचं एक खास अंग होतं. प्रत्येक ताटाच्या कडेवर नंबर कोरलेला होता, कारण कोणाला मीठ चालत नसे, कोणाला साखर, आणि कोणाचं जेवण कोणाच्या पोटात जाऊ नये म्हणून ज्याचं ताट त्यालाच जाई. घासायच्या आधी मावशी प्रत्येक ताट बघायची. नुसतं बघायची नाही, वाचायची. सात नंबर मटारचे दाणे एकेक करून काठावर रांगेत लावून ठेवतो. बावीस नंबर पाव मधूनच खातो. एक्केचाळीस नंबरला मुलाचा फोन आला की भात संपतो आणि नाही आला की उरतो. कोण खातंय, कोणाचं बिनसलंय, हे तिला खिडकीअलीकडे उभ्या-उभ्या कळायचं.

एकदा तीस नंबरच्या ताटात तीन दिवस पावाच्या कडा उरल्या, आणि त्याही एकाच बाजूने कुरतडलेल्या. मावशीने परिचारिकेला सांगितलं, परिचारिकेने डॉक्टरांना. आजींच्या दाढेखाली गळू निघालं. आणखी चार दिवस गेले असते तर विष अंगात भिनलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की रोज संध्याकाळी मावशीने चिठ्ठी द्यायची. कोणी किती टाकलं, कोणाचं ताट नेहमीपेक्षा वेगळं आलं. वर थट्टेने तिला ‘तपासनीस’ अशी पदवीही दिली. मावशीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन तिने नवऱ्याला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. बिचारा कुलपं दुरुस्त करायचा. धीर हेच त्याचं भांडवल.

सगळ्या ताटांत तिचं सगळ्यांत लाडकं ताट होतं चौदा नंबरचं. लख्ख! भाताचं शीत नाही, रश्श्याचा थेंब नाही, पावाच्या तुकड्याने पुसून काढलेलं. गेले चार महिने ते तसंच यायचं. चौदा नंबरला तिने कधी पाहिलं नव्हतं. बाहेर जेवणं चालू असताना ती आत पातेल्यांशी झटत असायची. पण मनातल्या मनात तिने त्या माणसाला नटवून ठेवलं होतं. गोलमटोल, लालबुंद गाल, हसरा, खाल्ल्या अन्नाचं चीज करणारा. ‘जेवावं तर चौदा नंबरने,’ ती आचाऱ्याला म्हणायची, ‘त्याच्या ताटात एक डाव जास्त घाल रे.’ आणि आचारी घालायचा, कारण मावशीशी वाद घालण्यापेक्षा डाव घालणं सोपं होतं.

त्या वर्षीच्या थंडीत निवासात पोटाचा आजार पसरला. एकामागून एक एकोणीस जण अंथरुणाला खिळले. आरोग्यखात्याचा माणूस तपासणीला आला. त्याने मावशीच्या तिसऱ्या टाकीत तापमापक बुडवला, आकडा पाहिला आणि मान हलवली.

‘एवढं गरम आहे की!’ मावशी म्हणाली. ‘हात भाजतो माझा.’

‘भाजत नाही, सोसवतं,’ तो म्हणाला. ‘आणि बाई, तुमच्या हाताला सोसवणारं पाणी जंतूंनाही सोसवतं.’

 बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मावशीला गप्प केलं, आणि तेही एका वाक्यात. पंधरा दिवसांत व्यवस्थापक मॅडमनी भांडी धुण्याचं मशीन मागवलं.

मॅडम तशा समंजस होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, ‘मावशी, तुमच्या नोकरीला धक्का नाही. मशीन तुम्हीच चालवायचं.’ मावशीला नोकरीची काळजी नव्हतीच. तिला खटकलं ते पुढचं. आता खिडकी बंद होणार होती. जेवणघराच्या दाराशी एक ढकलगाडी राहणार. उरलंसुरलं तिथेच डब्यात खरवडायचं, ताटं जाळीच्या चौकटीत उभी लावायची आणि ती चौकट तशीच आत मशीनमध्ये सरकवायची.

‘म्हणजे माझ्यापर्यंत खरकटं येणारच नाही?’ मावशीने विचारलं.

‘नाही ना! सुटलात तुम्ही.’

‘अहो मॅडम, पण मग कोण जेवलं नाही हे कळणार कसं?’

मॅडम म्हणाल्या, बघू, काहीतरी करू. ‘बघू’ म्हणजे काय हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मावशी त्या दिवसापासून जिवाला घोर लावून बसली. कोणीतरी जेवायचं थांबेल, दिवसेंदिवस उपाशी राहील, आणि मशीन मात्र ताटं चकाचक करून देत राहील. ही एवढीच तिची भीती होती. बाकी मशीनशी तिचं काही वाकडं नव्हतं.

मशीन आलं. कमरेएवढं उंच, स्टीलचं, वर घंटेसारखं झाकण, ते दोन्ही हातांनी खाली ओढलं की आत पाण्याचा धडाका सुरू. दोन मिनिटांत अठरा ताटं. मेकॅनिक तरतरीत होता. त्याने सगळं नीट समजावलं, मावशीने मान डोलावली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनच्या सगळ्या फटींतून फेस बाहेर यायला लागला. आधी थोडा, मग भसाभस. फरशीवर घोट्याएवढा फेस झाला. आचारी पळत आला तो घसरून बटाट्यांच्या पोत्यावर बसला. ‘मावशी, हिला फीट आलीय!’ तो ओरडला.

मेकॅनिक परत आला. त्याने मशीन उघडलं, वास घेतला, बोटाने फेस चोळून पाहिला.

‘मावशी, खरं सांगा. ताटं आत घालण्याआधी काय करता?’

‘घासते.’

‘कशाने?’

‘साबणाने. आणखी कशाने घासतात?’

‘मग मशीन कशाला आहे?’

मावशीला हा प्रश्न जरा उद्धटच वाटला. ‘हे बघा,’ ती म्हणाली, ‘ती कालच आलीय. आल्या-आल्या तिच्यापुढे खरकटी ताटं नेऊन ठेवायची? मला नाही जमायचं. मी आपली घासून, स्वच्छ करून देते. मग तिने काय धुवायचं ते धुवावं.’

आचाऱ्याला हसता-हसता खोकला लागला. ‘न्हाऊन आलेल्याला परत न्हाऊ घालतात मावशी!’ ही गोष्ट मग निवासभर झाली, आणि आठवडाभर तिला जो भेटेल तो विचारी, की आज मशीनची विश्रांती कशी चाललीय. मेकॅनिकने समजावलं, की हाताने घासायचा साबण आत गेला की असाच फेस होणार. या मशीनची वेगळी पावडर असते, तिला फेस नसतो, आणि तिला काम करायला ताटावर थोडी घाण लागतेच. फक्त मोठं खरकटं काढायचं, बाकी तिच्यावर सोडायचं. ‘सोडायचं’ हा शब्द मावशीच्या घशाखाली उतरायला आणखी चार दिवस लागले.

पण मावशी हट्टी असली तरी आंधळी नव्हती. महिनाभरात तिने दोन्ही बाजू मनाशी तोलल्या आणि जे खरं ते कबूल केलं. पेल्यांच्या बाबतीत तिने हात टेकले. तिने धुतलेला पेला उजेडात धरला की कुठेतरी बोटाचा ठसा दिसायचा, मशीनचा पेला असा निघे की त्यात पाणी आहे की नाही हे बोट घालून बघावं लागे. ताटं बाहेर येत ती इतकी तापलेली, की हातात धरेपर्यंत स्वतःच कोरडी होत. पुसायचं फडकं धुवायचं कामच संपलं. पोटाचा आजार पुन्हा आला नाही. उलट वाळलेलं अंडं मशीनला निघत नसे. कपांच्या बुडाच्या खळग्यात पाणी साचून राही आणि कप सरळ केला की पायावर सांडे. आचाऱ्याचे लाकडी चमचे तर दोनच फेऱ्यांत उकलले. करपलेल्या पातेल्यांपुढे मशीन साफ नापास. ती अजूनही मावशीच्याच वाट्याला होती, आणि ती घासताना तिला एक वेगळाच आनंद होई, जो तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

आणि हात! पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती आणि नवऱ्याचा सदरा हातात घेतला, तर तिला त्याचा पोत कळला. सुती कापड बोटांना मऊ लागलं. कित्येक वर्षांत बोटांना असं काही लागलंच नव्हतं, सगळंच सारखं खरबरीत, कारण बोटंच खरबरीत. ती सदरा हातात धरून तशीच उभी राहिली. सुख झालं तिला. ते ती कोणापुढे बोलून दाखवणार नव्हती, निदान आचाऱ्यापुढे तरी नाहीच.

चिठ्ठी मात्र कोरी जायला लागली होती. खरवडलेल्या ताटावर वाचणार काय? शेवटी ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, ‘मशीनमुळे तुमचा जेवणाच्या वेळचा पाऊण तास मोकळा झालाय ना? मग तुम्हीच जेवणघरात गाडीपाशी उभ्या राहा. ताटं तुमच्या हाताने खरवडा. वाचा हवी तेवढी.’

उपाय इतका सोपा होता, की तो आपल्याला सुचला नाही याचाच मावशीला राग आला. पण दारात उभं राहायचं म्हटल्यावर तिला नको-नको झालं. बावीस वर्षं ती भिंतीमागे होती. ओला पदर, भिजलेल्या चपला, हे भिंतीमागे चालतं. पहिल्या दिवशी तिने स्वच्छ साडी नेसली, केस बसवले आणि गाडीच्या मागे असं अंग चोरून उभी राहिली, जणू तिने काही चोरलंच आहे.

मग हळूहळू तिला गंमत वाटायला लागली. ताटांना चेहरे होते! मटारची रांग लावणारा सात नंबर तिला एखादी बारीक, नाक मुरडणारी आजी वाटली होती. निघाला झुबकेदार मिशांचा अवाढव्य माणूस, निवृत्त पोलीस. बावीस नंबरच्या आजी पावाचा मध्य खाऊन कडा आताशा खिशात घालत आणि अंगणात चिमण्यांना टाकत. मावशी एकेकाला पाहून मनात म्हणायची, अगं बाई, हे तुम्ही होय! आणि तिची नजर चौदा नंबरला शोधत होती.

ताट दिसलं. अंगणाकडच्या खिडकीजवळच्या टेबलावर. मागे जो माणूस बसला होता त्याला गाल नव्हतेच, नुसती हाडं होती. सदऱ्याच्या गळ्यात त्याची मान अशी, की अजून एक मान मावली असती. शेजारी पंधरा नंबर, जुना हमाल, बैलासारखा रुंद. वाढपी पाण्याची सुरई घेऊन पाठमोरा झाला, तसं चौदा नंबरच्या आजोबांनी शांतपणे चमच्याने आपला भात शेजाऱ्याच्या ताटात लोटला. मग भाजी. मग उकडलेलं अंडं. मग पावाचा तुकडा घेऊन ताट नीट, गोल-गोल पुसलं आणि तो तुकडाही शेजाऱ्याला दिला. स्वतः फक्त सूप प्यायले. आचाऱ्याने घातलेला जास्तीचा डावही त्याच वाटेने गेला.

मावशीच्या हातातला खरवडायचा चमचा डब्यात पडला. चार महिने ती या ताटाचं कौतुक करत होती. चार महिने हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत उपाशी होता. ज्याची तिला मशीनपायी भीती वाटत होती, ते तिच्याच हातून, मशीन यायच्या कितीतरी आधी होऊन बसलं होतं.

संध्याकाळी चिठ्ठीवर तिला काहीच लिहवेना. घरी तिने स्वयंपाक केला, वाढलं आणि नवऱ्यासमोर बसली. तो जेवला. नेहमीसारखं ताट स्वच्छ. एकतीस वर्षं त्याने ताटात कधी काही टाकलं नव्हतं. मावशी त्या ताटाकडे बघत राहिली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘एक विचारू? खरं सांगायचं. माझ्या हातचं तुम्हाला न आवडणारं काही आहे?’

नवरा दचकला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं. ‘छे! सगळं आवडतं.’

‘खरं विचारतेय.’

तो बराच वेळ बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘कोबी.’

‘कोबी?’ मावशी जवळजवळ ओरडली. ‘दर मंगळवारी करते मी कोबी! एकतीस वर्षं!’

‘हो ना.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू विचारलंच नाहीस,’ तो म्हणाला. ‘आणि ताट बघून तुला एवढं बरं वाटायचं.’

मावशीला हसूही आलं आणि रडूही. एवढी ताटं वाचणारी बाई, आणि घरातलं एक ताट तिला वाचता आलं नव्हतं. ताट काय, माणूस दाखवेल तेवढंच सांगतं. बाकीचं माणसाला विचारावं लागतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा एक तास आधी कामावर गेली.

आजोबा जेवणघरातल्या खिडकीशीच बसले होते. समोर रुमालावर एका मनगटी घड्याळाचे भाग मांडलेले, डोळ्याला भिंग. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती त्यांनी, आणि इथेही सगळ्यांची घड्याळं तेच चालती ठेवत.

‘आजोबा, बसू का?’

‘बसा की.’

‘तुम्ही जेवता का हो?’

त्यांनी भिंग काढलं नाही. ‘ताट रोज लख्ख असतं माझं.’

‘म्हणूनच विचारतेय. काल मी दारात उभी होते.’

आता भिंग निघालं. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ‘तुम्हीच का त्या तपासनीस?’

ज्या शब्दाने मावशीला आभाळ ठेंगणं झालं होतं, तो शब्द त्यांच्या तोंडी असा आला, की तिला कुठे बघावं कळेना.

‘आम्ही सगळे तुम्हाला भिऊन असतो, माहितीये?’ आजोबा म्हणाले. ‘न आवडलेलं एकमेकांना देतो, खिशात घालतो, पण ताटात नाही ठेवत. ताटात राहिलं की चिठ्ठी जाते. चिठ्ठी गेली की माणूस वरच्या मजल्यावर जातो.’

‘वर उपचाराला नेतात आजोबा. तीस नंबरच्या आजी बघा ना, बऱ्या झाल्या की!’

‘बऱ्या झाल्या. पण खाली आल्या का?’

 तीस नंबरचं ताट रोज यायचं, संपवलेलं. ते कोणत्या मजल्यावरून येतंय हे तिने कधी विचारलं नव्हतं. आजींची खालची खोली मधल्या काळात दुसऱ्याला दिली गेली होती, आणि आजी ठणठणीत असून वर्षभर वरच होत्या.

‘वर पडदे ओढलेले असतात,’ आजोबा म्हणाले. ‘अंधारात मी घड्याळ उघडून काय करू?’ मग, एकदा सुरुवात झाल्यावर, त्यांनी सगळंच सांगितलं. खालची कवळी सैल झाली होती, हिरडी सोलवटली होती, चावलं की डोळ्यांत पाणी येई. चावणं टाळलं, तसे गाल आत गेले, तशी कवळी आणखी सैल झाली. शेजारच्या हमालाला सांगितलं, की माझं वय झालंय, भूकच नसते. त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला आणि जेवला.

‘पण दर महिन्याला वजन करतात ना?’ मावशीने विचारलं.

आजोबा किंचित लाजले. वजनाच्या दिवशी ते कोट घालत, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पितळी वजनं ठेवत. एकेक दोन-दोन किलोचं. ‘गेल्या वेळी तीन न्यावी लागली,’ ते म्हणाले.

मावशीने कपाळाला हात लावला. आणि शेजारच्या पंधरा नंबरचं वजन का वाढतंय म्हणून डॉक्टर डोकं खाजवत होते!

‘लिहिणार का चिठ्ठीत?’ आजोबांनी विचारलं. ते घड्याळाचे भाग रुमालात गोळा करायला लागले. 

‘आज दुपारी मी तुम्हाला मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा आणून देते,’ मावशी म्हणाली. ‘तो खा. मग तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे जायचं आणि कवळीचं सांगायचं. मी येते सोबत. संध्याकाळपर्यंत नाही गेलात तर मात्र मी लिहिणार. खोटं नाही बोलणार मी तुमच्याशी. आणि तुमची ही खुर्ची कोणी हलवली, तर मीही मशीन बंद करून बसते की नाही बघा.’

आजोबा डॉक्टरांकडे गेले. मावशी दाराबाहेर उभी राहिली, आणि ते बाहेर आल्यावर तशीच मॅडमकडे गेली. तिथे ती जे बोलली ते निम्मं आचाऱ्याला भिंतीपलीकडून ऐकू आलं. स्वतःचं दुपारचं जेवण राहून गेलं, इतकं ती बोलली. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी तीस नंबरची फाईल मागवली आणि बराच वेळ वाचत बसल्या. खोली रिकामी नव्हती, पण जेवायला खाली आणायला कोणाची परवानगी लागत होती? दुसऱ्या दिवसापासून आजी चाकाच्या खुर्चीतून दोन्ही वेळा खाली यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सूप अळणी आहे म्हणून सांगितलं.

कवळी नवीन व्हायला तीन आठवडे लागले. हमालाला सगळं कळलं तेव्हा तो इतका खजील झाला, की आठवडाभर त्याने स्वतःचंही अर्धंच खाल्लं, आणि मग त्याची समजूत काढायचं काम मावशीवर आलं. संध्याकाळची चिठ्ठी तिने बंद केली. ‘मी लिहिणार नाही,’ तिने डॉक्टरांना सांगितलं, ‘मी विचारणार, आणि गरज असली तर त्यांना घेऊनच येणार तुमच्याकडे.’ आता जेवणाच्या वेळी ती मशीनमध्ये चौकट सरकवायची, झाकण ओढायची आणि मशीन चालू असेतो दोन मिनिटं बाहेर येऊन टेबलांमधून फिरायची. दोन मिनिटांत पुष्कळ कळतं. पण लोकांची सवय जुनी होती. ताटं अजूनही लख्खच यायची. मावशी विचारी, सगळे म्हणत, छान आहे, छान आहे. आणि टेबलाखालून अंडी फिरतच.

नवी कवळी बसली त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी आजोबा उठले आणि ताट घेऊन स्वतः गाडीपर्यंत चालत आले. जेवणघर बघत होतं. ताटात भात संपला होता. भोपळ्याची भाजी मात्र अर्धी उरली होती, आणि काठावर चावून बाहेर काढलेली एक कडक फोड होती.

‘मावशी,’ आजोबा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आजचा भोपळा काही खरा नाही. कच्चा आहे. मी टाकलाय.’

आतून आचाऱ्याचा निषेध ऐकू आला. मागच्या टेबलावर कोणीतरी हसलं. सात नंबरने हातातला चमचा खाली ठेवला आणि आपलेही मटार तसेच ताटात ठेवून तो उठला. मग बावीस नंबरच्या आजी, मग आणखी दोघं, हातात उष्टी ताटं घेऊन, गाडीपुढे रांगेत.

मावशीने चौदा नंबरचं ताट दोन्ही हातांनी घेतलं. बावीस वर्षांत इतकं सुंदर खरकटं तिने पाहिलं नव्हतं. ते खरवडून डब्यात टाकायला काही केल्या तिचा हात होईना.